लहान बाहुलीचा डोळा

(गांधीबाग, नागपूर येथे नेत्रसेवेचे स्वयंसेवक आणि देणगीदार यांच्या सभेत केलेले भाषण)



ही सभा गांधीबागेत घ्यावी असा आग्रह मीच धरला होता, कारण आज बोलायचे आहे ते खरेदीवर. आपल्या नेत्रसेवेला लागणारे पुष्कळसे सामान इथल्याच औषधांच्या ठोक बाजारातून उचलले जाते. थेंबांच्या बाटल्या, पट्ट्या, हातमोजे, काळे चष्मे, टाक्यांचा दोरा, सगळे. आज समोर तीन प्रकारची मंडळी बसली आहेत. गडचिरोली आणि मेळघाटातून पेशंट घेऊन येणारे स्वयंसेवक, कापड बाजारातले देणगीदार बांधव, आणि ज्यांच्या दुकानातून आपण महिन्याच्या उधारीवर माल नेतो ते औषधवाले. तिघांनाही थोडे थोडे ऐकवायचे आहे.

मी डॉक्टर नाही. थिऑलॉजीचा डिप्लोमा करून या सेवाकार्यात आले. ऑपरेशन थिएटरशी माझा संबंध यादी करणे, हिशेब ठेवणे आणि पेशंटला सुखरूप घरी पोचवणे एवढाच. पण डॉक्टरांना आणि थिएटरमधल्या सिस्टरना विचारून विचारून जे समजले ते सांगते. चुकीचे काही जाऊ नये म्हणून हे भाषण आपल्या डॉक्टरांना आधी वाचून दाखवले आहे.

या टेबलावर एक स्टीलचा ट्रे ठेवला आहे. त्यात चार वस्तू आहेत. पापण्या उघड्या धरणारी तार, जिला स्पेक्युलम म्हणतात. निळ्या रंगाची एक बारीक कुपी. बंद पाकिटात पाच अतिशय बारीक नायलॉनचे आकडे, म्हणजे आयरिस हुक. आणि दुसऱ्या पाकिटात नखावर मावेल एवढी एक कडी. पाकिटे सील असलेलीच हातोहात फिरवा, उघडू नका. या चारही वस्तू मोतीबिंदू काढत नाहीत आणि भिंगही बसवत नाहीत. त्यांचे काम एवढेच, की डॉक्टरांचा हात आत पोचावा आणि आत काय चालले आहे ते त्यांना दिसावे. म्हणूनच देणगीच्या पावतीवर त्यांचे नाव कधी येत नाही. देणगीदार विचारतात, "एका ऑपरेशनला किती?" आणि आपणही एक आकडा सांगून मोकळे होतो.

आता डोळ्याची रचना थोडक्यात. बाहेरचा पारदर्शक गोल पडदा साधारण साडेअकरा मिलिमीटरचा. त्याच्या मागे तपकिरी पडदा, त्याच्या मधोमध भोक, ते म्हणजे बाहुली. बाहुलीच्या मागे नैसर्गिक भिंग, मसुराच्या दाण्याच्या आकाराचे, पण त्याहून मोठे, नऊ-दहा मिलिमीटर रुंद. मोतीबिंदू म्हणजे हेच भिंग गढूळ होणे. शस्त्रक्रियेच्या आधी थेंब घालून बाहुली सात-आठ मिलिमीटरपर्यंत फुलवतात, आणि त्या भोकातून सगळे काम होते. खोलीला दार एकच आहे. ते अर्धवटच उघडले तर आतली पेटी बाहेर कशी काढणार? काही डोळ्यांची बाहुली कितीही थेंब घातले तरी फुलत नाही. तीन-चार मिलिमीटरवर, म्हणजे ज्वारीच्या दाण्याएवढी होऊन थांबते. आज मला मुख्यतः याच डोळ्यांबद्दल बोलायचे आहे. पण आधी पापणीपासून सुरुवात करू.

स्पेक्युलम ही सगळ्यांत साधी वस्तू, आणि तीच खरेदीत सगळ्यांत जास्त फसवते. तारेचा स्पेक्युलम वजनाला हलका असतो आणि डोळ्याच्या गोळ्यावर दाब देत नाही. हा दाब महत्त्वाचा. बाहेरून डोळा दाबला गेला, की आतले सगळे पुढे ढकलले जाते, जसा भरलेला फुगा एका बाजूने दाबल्यावर दुसरीकडे फुगतो. डोळा उघडलेला असताना हे घडले तर डॉक्टरांची तारांबळ उडते. म्हाताऱ्या माणसांचे डोळे खोल गेलेले असतात, पापण्यांची फट लहान असते. तिथे जाड, कडक स्प्रिंगचा स्पेक्युलम लावला तर पेशंट डोळा आवळतो आणि सगळे आणखी कठीण होते. काही डोळ्यांना पट्टीचा स्पेक्युलम बरा, कारण तो पापण्यांचे केस मागे दाबून धरतो. हे केस जंतूंचे घर आहे. म्हणून एकाच जातीचे बारा घेण्यापेक्षा दोन-तीन जातींचे मिळून बारा घ्यावेत, असे आपल्या सिस्टरांचे म्हणणे आहे. मी दुकानात जाते तेव्हा तारेच्या टोकावरून बोट फिरवून बघते, खडबडीत लागले तर परत ठेवते. स्प्रिंग दोन बोटांत दाबून सोडते, सावकाश उघडली पाहिजे, फटकन नाही. आणि हलक्या स्टीलवर ऑटोक्लेव्हच्या थोड्याच फेऱ्यांत गंज धरतो, म्हणून भावात घासाघीस करताना मी स्टील कोणते आहे ते आधी विचारते. दुकानदार बांधवांना माझा हा त्रास माहीत आहे, ते हसत आहेत.

पापण्या उघडल्या तरी डोळा वर पळतो. भीती वाटली की आपण सगळेच डोळा वर फिरवतो. म्हणून हाताने मोतीबिंदू काढण्याच्या पद्धतीत डोळ्याच्या वरच्या स्नायूखालून एक दोरा घेतात आणि त्याने डोळा खाली वळवून धरतात. त्या टाक्याचे इंग्रजी नावच लगाम या अर्थाचे आहे. बैलगाडी हाकणाऱ्या आपल्या पेशंटला हे सांगितले, की त्याला लगेच समजते आणि तो घाबरत नाही.

आता उजेड. कापड बाजारातल्या बांधवांना हे मी वेगळे सांगायला नको. गिऱ्हाईक ट्यूबलाइटखाली रंग बघून समाधान मानत नाही. "बाहेर उजेडात दाखवा" म्हणते, आणि तुम्ही थान उचलून दुकानाच्या पायरीवर नेता. डॉक्टरांच्या सूक्ष्मदर्शकाचा उजेड त्यांच्या नजरेच्या रेषेतूनच डोळ्यात जातो, मागच्या पडद्यावर आपटतो आणि तांबूस होऊन परत येतो. त्या तांबड्या उजेडावर भिंगाभोवतीची पारदर्शक पिशवी ओळखू येते. ती कांद्याच्या पापुद्र्याहूनही पातळ असते. तिच्या पुढच्या भागाला नेमके गोल भोक पाडायचे, आतला मोतीबिंदू काढायचा, आणि त्याच पिशवीत नवे भिंग ठेवायचे. भोक वेडेवाकडे फाटले तर भिंग ठेवायला जागा राहत नाही.

पण मोतीबिंदू पूर्ण पिकून पांढरा झालेला असेल तर? उजेड आत जातच नाही, मग तांबडा होऊन परत कुठून येणार? पांढऱ्यावर पारदर्शक पापुद्रा दिसत नाही. यासाठीच ही निळी कुपी. ट्रायपॅन ब्लू हा रंग थेंबभर आत सोडून धुऊन काढला, की पापुद्रा निळसर दिसतो आणि पांढऱ्या मोतीबिंदूवर तो स्पष्ट उठून येतो. नेदरलँड्सचे डॉ. गेरिट मेलेस यांनी ही रीत १९९९ साली प्रसिद्ध केली, आणि आज ती आपल्याकडेही रुळलेली आहे. शहरात माणूस वर्तमानपत्र धूसर दिसू लागले की येतो, त्याच्यासाठी ही कुपी क्वचित लागते. आपला पेशंट चुलीतला जाळ दिसेनासा झाला की येतो. आपल्या यादीत पांढरे मोतीबिंदू जास्त, म्हणून ही कुपी आपल्याकडे चैन नव्हे. ट्रेमधली हीच वस्तू मला सगळ्यांत आवडते, कारण एवढ्या थोड्या खर्चात एवढा फरक पाडणारे दुसरे काही मी तरी पाहिलेले नाही.

जुन्या काळी यातले काहीच नव्हते. डॉ. व्हिक्टर रॅम्बो हे मिशनरी डॉक्टर १९२० च्या दशकात मुंगेलीला आले. मुंगेली आज छत्तीसगडात आहे, तेव्हा नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतात होते. त्यांनी पेशंटची वाट बघत न बसता डोळ्यांची शस्त्रक्रिया खेड्यांपर्यंत नेली, आणि पुढे वेल्लोरलाही हेच काम केले. त्या पिढीचे डॉक्टर साध्या भिंगातून बघत, जवळजवळ अर्धा डोळा कापून अख्खे भिंग काढत, आणि पेशंटला जाड चष्मा देत. बाहुली लहान असेल तर तपकिरी पडदाच वरून कापून घेत. असा किल्लीच्या भोकासारखा दिसणारा डोळा आणि सोडावॉटरच्या बाटलीसारखा चष्मा तुमच्यापैकी वयस्कर मंडळींनी पाहिला असेल. त्यांनी हजारो लोकांना काठीविना चालते केले. आज मात्र ते पुरेसे मानता येणार नाही. आता शाळेत किंवा मांडवात शस्त्रक्रिया करू नये असे सरकारी धोरण आहे. गावात तपासायचे आणि शस्त्रक्रिया रुग्णालयातच करायची. हे चांगलेच आहे. पण यामुळे आपल्या पेशंटला लांबचा प्रवास पडतो. भामरागडहून नागपूर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. एवढ्या लांबून आलेल्या माणसाला "या डोळ्याचे इथे होणार नाही" असे सांगून परत पाठवणे, याचा अर्थ काय होतो ते एका उदाहरणावरून सांगते.

भामरागड तालुक्यातील एक माडिया आजी. नाव सांगत नाही. तिचा उजवा डोळा पांढरा झाला होता, डावा धूसर. आम्ही तिला एका रुग्णालयात नेले. थेंब घातले, दोन तास बसवले. बाहुली फुलली नाही. कार्डावर शेरा आला, "ऑपरेशनयोग्य नाही". ती काही न बोलता परतली. पुढच्या हंगामात पुन्हा आणली, पुन्हा तोच शेरा. तिच्या बरोबरच्या अकरा जणांची शस्त्रक्रिया झाली, त्यांना हिरवी पट्टी लागली. परतीच्या गाडीत तिला पट्टी नाही म्हणून ती लाजेने पदर डोळ्यावर ओढून बसली होती. त्यानंतरच्या पावसाळ्यात उजवा डोळा लाल झाला, डोके फुटेल असे दुखू लागले. फार दिवस पिकून राहिलेल्या मोतीबिंदूतला द्रव पिशवीबाहेर पाझरतो, डोळ्यात दाह होतो आणि दाब चढतो. नदीला पूर होता, रस्ता बंद. ती दवाखान्यात पोचली तोवर आठ दिवस गेले होते. त्या डोळ्याची नस मेली. आता त्याला उजेडही कळत नाही.

राहिला डावा. तोपर्यंत तोही पांढरा झाला होता, आणि त्याचीही बाहुली तशीच, ज्वारीच्या दाण्याएवढी. आपल्या आजच्या डॉक्टरांनी तपासले आणि माझ्याकडे वळून विचारले, "हुक आहेत का तुमच्याकडे?" हुक होते, कारण एका देणगीदाराने न विचारता पैसे दिले होते आणि सिस्टरांच्या सांगण्यावरून आम्ही एक पाकीट घेऊन ठेवले होते. चार बाजूंनी चार अगदी बारीक छिद्रे, प्रत्येकातून एक आकडा आत, आणि आकड्याने तपकिरी पडद्याची कड हलकेच ओढून बाहेर. प्रत्येक आकड्यावर सिलिकॉनची इवलीशी चकती असते. ती पुढे सरकवली की आकडा तिथेच थांबतो. गोल भोकाचे चौकोनी दार झाले. मग निळा रंग, मग पुढचे सगळे. काचेबाहेरून मी बघत होते. चार आकडे लावायला डॉक्टरांना फार वेळ लागला नाही.

दुसऱ्या दिवशी पट्टी सोडली तेव्हा तिने माझ्याकडे नाही, माझ्या चपलांकडे बघितले. मग दुभाष्याला तिने विचारले, यंदा मोह वेचायला जाता येईल का. मोहाचे फूल पहाटे अंधुक उजेडात जमिनीवरून वेचायचे असते. तिला ते काम पुन्हा करता आले. एका डोळ्याने करते. दुसराही वाचला असता.

पहिल्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. हुक नसताना लहान बाहुलीच्या डोळ्यात हात घालणे धोक्याचे होते, आणि धोका ओळखून थांबणे हे चांगल्या डॉक्टरचेच लक्षण. माझी तक्रार त्या शेऱ्याच्या भाषेबद्दल आहे. "ऑपरेशनयोग्य नाही" याचा खरा अर्थ होता, "आज या ट्रेवर होण्यासारखे नाही". आजीला, तिच्या मुलाला आणि आमच्या स्वयंसेवकाला तो अर्थ कळला नाही. त्यांना वाटले, देवाघरचा निकाल लागला.

बाहुली का फुलत नाही, याची कारणे अनेक आहेत. वय हे एक. काही लोकांच्या डोळ्यात कोंड्यासारखा पांढरा पदार्थ साचतो आणि बाहुलीची कड ताठ करतो. हा आजार १९१७ साली फिनलंडमध्ये प्रथम नोंदला गेला, आपल्याकडेही उन्हातान्हात राबणाऱ्या म्हाताऱ्यांत तो दिसतो. अशा डोळ्यात भिंगाला धरून ठेवणारे धागेही कच्चे असतात, म्हणून डॉक्टर दुप्पट जपून काम करतात. जुना मार लागलेला असतो, भाताचे कुसळ किंवा बाभळीचा काटा. आत दाह होऊन गेलेला असतो आणि पडदा भिंगाला चिकटून बसतो. आणि कुष्ठरोग. हा गेला असे शहरात अनेकांना वाटते. गडचिरोली-चंद्रपूरकडे काम करणाऱ्यांना तसे वाटत नाही. या रोगात डोळ्यातल्या बारीक नसा जातात, तपकिरी पडदा झिजतो आणि बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होऊ शकते. ज्याच्या बोटांची संवेदना गेली आहे त्याला चटका बसू नये म्हणून डोळ्यानेच बघून काम करावे लागते. त्याचा डोळा जाणे म्हणजे हातही जाणे. आपल्या यादीत असे पेशंट दर हंगामात असतात, आणि तेच सर्वांत आधी गाळले जातात.

आणखी एक कारण, आणि ते जंगलापेक्षा गांधीबागेत जास्त सापडेल. पुरुषांना उतारवयात लघवी अडते, त्यासाठी टॅम्सुलोसिन नावाची गोळी देतात. ही गोळी घेणाऱ्यांचा तपकिरी पडदा शस्त्रक्रियेच्या वेळी लुळा पडतो, लाटांसारखा हलतो आणि बाहुली मधेच आक्रसते. अमेरिकेतील डॉ. चँग आणि डॉ. कॅम्पबेल यांनी हे २००५ मध्ये प्रथम दाखवून दिले. गोळी काही दिवस बंद ठेवून भागत नाही, परिणाम राहू शकतो. स्वतःच्या मनाने बंदही करू नका. डॉक्टरांना आधी सांगा, म्हणजे ते तयारीत राहतात. मागच्या रांगेतले काका मान हलवत आहेत. काका, चिठ्ठी खिशात ठेवून जा.

अशा डोळ्यांसाठी डॉक्टरांच्या हाती काय काय असते? चिकटलेली कड बोथट सळईने सोडवतात. दोन आकड्यांनी बाहुली विरुद्ध बाजूंना ताणतात, ताठ कडेला हे लागू पडते, गोळीने लुळ्या झालेल्या पडद्याला नाही. कडेला अगदी छोटे छेद देतात. चिकट पारदर्शक जेल भरून पडदा मागे सारतात. हे सगळे स्वस्तातले. त्यानंतर हुक, आणि शेवटी ही कडी. मॉस्कोचे डॉ. बोरिस मल्युगिन यांची चौकोनी कडी जगभर वापरली जाते, तिच्या चार कोपऱ्यांच्या वेढ्यांत पडद्याची कड अडकते. ट्रेमधली ही कडी मात्र आपल्या देशातली. कोलकात्याचे डॉ. सुवेन भट्टाचार्जी यांनी षट्कोनी कडी तयार केली आणि २०१४ मध्ये तिच्याबद्दल लिहिले. ती इतकी पातळ आहे की दोन बोटांत धरली तर धरली आहे हे कळतही नाही. कडीसाठी हुकासारखी वेगळी चार छिद्रे लागत नाहीत, मुख्य छेदातूनच ती आत जाते आणि बाहेर येते.

मग सरळ कड्याच का घेऊ नयेत? हा प्रश्न मागच्या बैठकीत एका बंधूंनी विचारला होता. चांगला प्रश्न आहे. मशिनने मोतीबिंदू आतच फोडून ओढून घ्यायचा असेल, तीन मिलिमीटरपेक्षाही लहान छेदातून, तर कडी उत्तम. पण आपल्या पेशंटचा मोतीबिंदू बहुतेक वेळा तपकिरी, चिंचोक्यासारखा टणक झालेला असतो. तो आपले डॉक्टर सहा-सात मिलिमीटरच्या बोगद्यासारख्या छेदातून हाताने अख्खाच काढतात. मशिनच्या पद्धतीपेक्षा ही कमी खर्चाची, आणि टणक मोतीबिंदूला त्यांच्या मते अधिक भरवशाची. अशा वेळी अख्खा गर बाहुलीतून वर आणायचा असतो. कडीचा आकार ठरलेला, गर त्याहून मोठा निघाला तर अडतो. हुक हवे तेवढे ओढता येतात, सैल सोडता येतात. म्हणून आपल्या डॉक्टरांचा कौल हुकांना आहे, आणि कड्या दोन-तीनच असाव्यात. दुसऱ्या रुग्णालयाचा हिशेब वेगळा असू शकेल. महागडी वस्तू घेतली म्हणजे ती आपल्या पेशंटला उपयोगी पडेलच असे नाही.

आता हिशेबाचे. २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत देशातील अंधत्वाचे प्रमाण ०.३६ टक्के निघाले, आणि पन्नाशी ओलांडलेल्यांच्या अंधत्वापैकी ६६.२ टक्के मोतीबिंदूमुळे. म्हणजे अजूनही उतारवयातले दोन तृतीयांश आंधळेपण ज्याच्यावर इलाज आहे त्याच्यामुळेच. भिंग ही एके काळी परदेशातून येणारी महाग वस्तू होती. मदुराईला डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी १९७६ मध्ये अकरा खाटांवर अरविंद रुग्णालय सुरू केले. संधिवाताने त्यांची बोटे वाकडी झाली होती, तरी त्या बोटांत उपकरण धरायला ते नव्याने शिकले होते. त्यांच्या संस्थेने १९९२ मध्ये ऑरोलॅब काढून भिंगे देशातच बनवली, तेव्हा ती गरिबाच्या आवाक्यात आली. भिंगाचा प्रश्न अशा रीतीने पुष्कळसा सुटला. पण आपण सगळे अजून प्रति ऑपरेशन ठरलेल्या रकमेतच विचार करतो. त्या रकमेत सोपा डोळा बसतो, अवघड बसत नाही. आणि वर्षाच्या शेवटी अहवालात संख्या छापायची असते. शंभर सोपे डोळे घेतले तर संख्या चांगली दिसते. गाळलेल्यांची संख्या आपण छापत नाही. यंदापासून छापावी, असे मी कार्यकारिणीला लिहून दिले आहे. किती जण परत पाठवले आणि का, एवढे दोन रकाने.

माझी मागणी साधी आहे. या तिमाहीच्या रकमेतून काळ्या चष्म्यांची मोठी खरेदी करायचे घाटत आहे. ती निम्मी करावी, आणि उरलेल्या पैशात हुकांची पाकिटे, निळ्या कुप्या आणि आणखी स्पेक्युलम घ्यावेत. स्पेक्युलम का, तर प्रत्येक पेशंटला स्वतंत्र निर्जंतुक संच मिळाला पाहिजे. दिवसाला वीस शस्त्रक्रिया आणि संच सहाच असले, की ऑटोक्लेव्हची फेरी पुरी होईपर्यंत सगळे खोळंबतात, आणि मग कुणीतरी म्हणते, स्पिरिटमध्ये बुडवून घेऊ. स्पिरिटमध्ये बुडवलेले हत्यार निर्जंतुक होत नाही. डोळ्यात एकदा पू झाला तर एका रात्रीत डोळा जातो. हुक आणि कड्यांबाबत कंपनी एकदाच वापरा म्हणते. नायलॉन उष्णतेने वाकडे होते, म्हणून ते स्टीलबरोबर ऑटोक्लेव्हमध्ये टाकून पुन्हा काढायचे हा उद्योग कुणी करू नये. लागतील तेवढी पाकिटे घ्यायची. औषधवाल्या बांधवांना विनंती, न उघडलेली आणि मुदतीतली पाकिटे परत घेण्याची सवलत द्या. आम्हाला किती लागतील हे आधी नक्की सांगता येत नाही, एवढीच अडचण आहे.

स्वयंसेवकांनी करायचे ते वेगळे. कार्डावर "बाहुली" असा एक रकाना छापून घेतला आहे. तालुक्याच्या ठिकाणी नेत्रसहायक थेंब घालतात, तेव्हा अर्ध्या-पाऊण तासाने बाहुली फुलली का ते त्यांना विचारून लिहा. थेंब तुम्ही घालायचे नाहीत, काही डोळ्यांत त्याने दाब चढू शकतो. टॉर्चने मात्र तुम्ही बघू शकता. बाहुली गोल आहे का, वेडीवाकडी आहे का, पांढरी दिसते का. जुना मार, कुष्ठरोगाचे औषध घेतलेले, लघवीची गोळी, हे तीन प्रश्न विचारा. कुष्ठरोगाचा प्रश्न चारचौघांत विचारू नका, बाजूला घेऊन विचारा. यातले काही असेल तर कार्डाच्या कोपऱ्यावर लाल टिकली करा आणि गाडी निघण्याच्या आदल्या दिवशी रुग्णालयाला फोन करून सांगा, लाल टिकलीचे किती आहेत. मग हुक आधीच काढून ठेवता येतील आणि अशा पेशंटना सकाळी पहिल्यांदा घेता येईल, डॉक्टरांचे हात आणि डोळे ताजे असताना.

आणि डोळा लाल होऊन दुखू लागला, उलटी होऊ लागली, तर पुढच्या शिबिराची वाट बघू नका. त्याच दिवशी हलवा. भाड्याच्या गाडीचे पैसे संस्था देईल. पावती नसली तरी देईल, तेवढे मी बघते.

नवी कार्डे मागच्या टेबलावर तालुक्याप्रमाणे लावून ठेवली आहेत. धारणी आणि चिखलदऱ्याचा गठ्ठा एकच बांधला गेला आहे, तो आपापसांत वाटून घ्या. एटापल्ली-भामरागडच्या पुढच्या गाडीत आतापर्यंत चौदा नावे आहेत, त्यांपैकी पाचांवर लाल टिकली आहे. आज आपल्या कपाटात हुकांची पाकिटे दोन आहेत. चहा तयार आहे, आणि दवा बाजार सात वाजेपर्यंत उघडा आहे.